गोल भिंतीचे माप कोणत्या परिघावरून?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात विहिरींच्या बांधकामांना वेग येतो आणि त्यासोबत मापावरून शेतकरी व गवंडी यांच्यातली कुरबुरही सुरू होते. व्यासाला 3.14 ने गुणले की परीघ मिळतो, हे दोघांनाही ठाऊक असते. पण भिंतीला जाडी असल्यामुळे व्यास कुठला घ्यायचा, हे काम सुरू होण्यापूर्वी कोणी ठरवत नाही.

आतून 6 मीटर व्यासाच्या विहिरीला 40 सेंटिमीटर जाडीची भिंत असेल, तर तिचा आतला परीघ सुमारे 18.85 मीटर आणि बाहेरचा सुमारे 21.36 मीटर भरतो. एकाने आतले माप धरले व दुसऱ्याने बाहेरचे, तर दोघांचेही गुणाकार बिनचूक असूनही दर मीटर खोलीमागे जवळपास एक घनमीटर बांधकामाचा फरक पडतो, आणि आजच्या सिमेंट-मजुरीच्या दरात तो लहान शेतकऱ्याला सोसणारा नाही. वास्तविक भिंतीच्या मधोमध जाणारा, म्हणजे 6.4 मीटर व्यासाचा परीघ घेऊन त्याला जाडीने व खोलीने गुणले, की घनफळ तंतोतंत येते. बाहेरच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळातून आतल्याचे वजा करून कोणीही हे पडताळून पाहावे.

त्यामानाने 22/7 घ्यावे की 3.14, हा वाद गौण आहे. वरील विहिरीच्या आतल्या परिघात पहिल्याने सुमारे 8 मिलिमीटर जास्त येतात, दुसऱ्याने सुमारे 10 मिलिमीटर कमी. भास्कराचार्यांनीही ‘लीलावती’त सूक्ष्म गणितासाठी 3927/1250 आणि व्यवहारासाठी 22/7 दिले आहे. व्यासाची नुसती तिप्पट करणे मात्र चुकीचेच. तसे केल्यास तब्बल 85 सेंटिमीटर कमी भरतात.

फळ्यावर काढलेल्या वर्तुळाला जाडी नसते, त्यामुळे हा प्रश्न शाळेत विद्यार्थ्यांसमोर येतच नाही. गावातील शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, की परिघाचा पाठ शिकवताना मुलांना एखाद्या गोल हौदाची भिंत आतून व बाहेरून दोरीने मोजू द्यावी. बांधकामाचा करार लिहिणाऱ्यांनीही व्यासाच्या आकड्यापुढे तो आतला, बाहेरचा की मधला, हे स्पष्ट नमूद करावे. आणि जुनी विहीर बहुधा पुरती गोल नसते, म्हणून तिचा व्यास एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजून सरासरी घ्यावी.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ