तू भरलेलं कलम

प्रिय बाळ्या,

रागावला असशील. व्हॉट्सअ‍ॅपवरची गुड मॉर्निंगची फुलं सोडली तर तीन वर्षांत मी तुला धड चार ओळी लिहिल्या नाहीत. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच विषय बदलतोस आणि मला हे एका दमात सांगायचंय. तब्येत बरी आहे, साखर गोळीवर आहे, हिचा गुडघा तसाच. झालं.

मी इटलीला जाऊन आलो. हो, ऐन छाटणीच्या तोंडावर. एकोणिसाव्या वर्षापासून मी बाग सोडून कधी चार दिवस लांब गेलो नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे, आक्काच्या हळदीलासुद्धा आपण दोघं बोर्डो फवारून निळे झालेले हात घेऊन मांडवात उभे होतो आणि मामी ओरडत होत्या की हळद पिवळी असते रे बाळांनो. पण यंदा छाटणी घ्यायची का बागच काढायची हेच ठरेना. मे मध्येच पाऊस लागला तो उठलाच नाही. खरड छाटणीनंतर काडीला ऊन मिळालं तर आत घड धरणार, ते ऊनच नाही. काड्या लॅबला देऊन डोळे तपासून आणले तर निम्म्याच्या वर डोळ्यांत घडच नाही. पोरगं म्हणतंय काढून टाका, कॅनॉलचं पाणी आलंय, ऊस लावू, वर्षातनं एकदा तोड आली की मोकळं. त्याचं चुकतंय असंही नाही रे. चार वर्षं झाली औषधाच्या दुकानाचं बिल आणि बागेचे पैसे यांची गाठ पडेना. रात्री तीनला पावसाचा आवाज आला की मी उठून बसतो, ही पण उठते, कोणीच काही बोलत नाही.

आणि बाग कुठली तर विहिरीवरची दोन एकर. तू कलम भरलेली.

म्हणून लेक म्हणाली बाबा दोन आठवडे इकडं या, डोकं शांत होईल मग ठरवा. ती फ्लॉरेन्सला असते. तिथं पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं आम्हाला कुठं नेलं सांगू? कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या छत्रीला! कधीतरी वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. विसाव्या वर्षी विलायतेहून परत येताना १८७० ला ते तिथंच वारले, आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन केलं, आणि १८७४ ला छत्री उभी राहिली, खाली फेटा घातलेला पुतळा. जवळच्या पुलाला ते लोक अजून ‘इंदियानो’चा पूल म्हणतात. हिनं झाडाखालची चार फुलं वेचून तिथं ठेवली. तू कोल्हापूरच्या तालमीत दोन वर्षं काढलीस, तुला हे पहिलं सांगायचं मी तिथंच ठरवलंतं.

मग जावयानं आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून एका दिवसाची गाडी ठरवली, फक्त आम्हा चौघांसाठी, ड्रायव्हरसकट. मी म्हटलं कशाला खर्च, तर म्हणाला बसनं गेलो तर दिवसात एकच गाव होतं, आणि स्वतः गाडी नेली तर त्या डोंगरावरच्या जुन्या गावांच्या वेशीवर कॅमेरे असतात, परवान्याशिवाय चाक आत गेलं की दंड घरी येतो. शिवाय वाईन चाखायची तर चालवणार कोण. सकाळी साडेआठला काळी व्हॅन दारात. ड्रायव्हर पन्नाशीचा, इंग्रजी माझ्यासारखंच तुटक, त्यामुळं आमचं लगेच जमलं. त्याचा आजा निम्म्या वाट्यानं शेत करायचा. तिकडं ती पद्धतच होती, मेझाद्रिया म्हणतात, मालकाची जमीन, कुळाचं राबणं, पीक अर्धं अर्धं. १९६४ ला कायद्यानं असे नवे करार बंद केले, पण त्याच्या आधीपासूनच माणसं शेतं सोडून कारखान्यांकडं गेली. दगडी घरं ओस पडली. आता त्याच घरांत परदेशी लोक सुट्टीला येऊन राहतात. रस्त्यानं प्रत्येक टेकडीवर असं एक घर दाखवत तो म्हणायचा, हे रिकामं होतं, ते पण रिकामं होतं. मला आपली वस्ती दिसायला लागली. तुझं घर, त्याच्या पुढचं देसायांचं, कुलपंच कुलपं.

पहिलं गाव मोंताल्चीनो. टेकडीच्या टोकावर १३६१ चा किल्ला. १५५५ ला सिएना शहर पडलं तेव्हा तिथली माणसं या किल्ल्यात येऊन चार वर्षं आपलं राज्य म्हणून टिकून राहिली, अगदी आपल्या जिंजीसारखं. किल्ल्याखाली उतारावर नुसती द्राक्षं. त्यांच्या ब्रुनेल्लो वाईनचा दरारा आहे, एकच जात, सांजोवेझे, दुसऱ्या कुठल्या द्राक्षाची भेसळ चालत नाही.

एका छोट्या बागेत आम्हाला आत नेलं. वाईनचं नंतर सांगतो. आधी बाग. मांडव नाही, कमरेएवढ्या उंचीवर तारा, झाडं ओळीत जवळजवळ. तोडणी चाललेली. मी माती हातात घेतली तर त्या बागेतली बाई हसली, म्हणाली तुम्ही शेतकरी. मग ज्या धंद्याच्या गोष्टी निघाल्या! हेक्टरी किती टन विचारलं, तर म्हणाली आठ. नियमच आहे, आठाच्या वर काढायचंच नाही. एकरी सव्वातीन टन बाळ्या! आपण एकरी दहा-बारा टनाच्या मागं जीव काढतो, आणि ही माणसं उन्हाळ्यात चांगले हिरवे घड कापून खाली टाकतात, राहिलेल्यांत रस भरावा म्हणून. आपण मणी विरळतो, हे घडच्या घड. मी जावयाला तीनदा विचारायला लावलं की ऐकण्यात चूक तर नाही. आणि छाटणी वर्षातनं एकदा, हिवाळ्यात झाड झोपलं की. झाडाला झोप आहे तिथं. आपल्या वेलीला कुठं झोप, एप्रिलला कापा, ऑक्टोबरला कापा, वर डोळे फुटायची पेस्ट लावून उठवा.

मग ती बाई एका जुन्या झाडाशी बसली आणि बुंध्याजवळ बोट ठेवलं. कलमाची गाठ. पूर्वी कधीतरी तिकडच्या बागा मुळांना लागणाऱ्या किडीनं गेल्या, फिलॉक्सेरा, तेव्हापासून खाली अमेरिकेचा खुंट आणि वर आपली जात. म्हणजे आपल्या डॉगरीज खुंटासारखंच, तोही अमेरिकेचाच. मी त्या गाठीवर हात ठेवला आणि मला उठता येईना. खोटं सांगत नाही, गुडघ्याचं काही नव्हतं. २००३ चा सप्टेंबर डोळ्यापुढं आला, तू उकिडवा बसलायस, तोंडात पट्टी धरलीयस, ब्लेडनं पाचर काढतोयस आणि मला म्हणतोयस रंगीत काडी आणलीस का रे नाना, ही बारीक आहे. दोन एकर तू एकट्यानं भरलीस, मजुरी घेतली नाहीस, जेवणात नुसतं पिठलं मागायचास. एक तूट सुद्धा सांधायला लागली नाही. आमची ही लांबून म्हणाली, अहो काय झालं. मी म्हटलं काही नाही, बाळ्याचं कलम आहे. तिला कळलं, तिनं बाकीच्यांना पुढं नेलं.

आता हेच झाड मी जेसीबीनं उपटू का? हे मी पोराला कसं विचारू, त्याला ती दोन एकर म्हणजे खर्चाची वही दिसते. तुला विचारतोय.

वाईन चाखायला दिली. तुरट, आंबट, आणि गिळल्यावर मागनं वाळल्या चिंचेसारखा, ओल्या मातीसारखा वास येत राहतो. दोन वर्षं लाकडात, मग बाटलीत, तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या एक जानेवारीच्या आधी विकायला काढायचीच नाही असा कायदा. पेल्यातली होती २०२० ची. २०२०! त्या मार्चला लॉकडाऊन लागला, व्यापारी फोन उचलेनात, घड झाडावर पिकून गळत होते, निम्मा माल मी बेदाण्याला टाकला, आणि राहिलेल्याला तू पुण्यातनं सोसायटी-सोसायटीच्या ऑर्डरी गोळा करून दिल्यास, दोन टेम्पो, पास काढण्यापासून पैसे गोळा करण्यापर्यंत. मी तुझे नीट आभारसुद्धा मानले नाहीत, म्हटलं मित्राचे काय आभार मानायचे. खरं कारण ते नव्हतं. मला तुझ्याशी बोलायलाच जड जायचं.

दुपारी पिएन्झा. तिथं जेवलो, पिची नावाचा जाड शेवयांसारखा प्रकार, नुसतं पीठ आणि पाणी, हातानं वळलेला, वर टोमॅटो-लसणाचा रस्सा. ही म्हणाली हे तर आमच्या आईचं वळवट. पावात मीठ नसतं. दुकानात मेंढीच्या दुधाच्या चीजच्या चकत्या गुळाच्या ढेपांसारख्या मांडलेल्या, काही अक्रोडाच्या पानात गुंडाळून मुरवलेल्या, हिनं अर्धा तास काढला तिथं.

हे गाव आधी कोर्सिन्यानो नावाचं साधं खेडं होतं. तिथला एक पोरगा पुढं पोप झाला, दुसरा पायस, आणि १४५९ पासून तीन-चार वर्षांत त्यानं आपल्या गावाचं शहर करून टाकलं, चर्च, वाडा, चौक, आणि नाव पण आपलं दिलं. रोसेल्लीनो नावाचा त्याचा बांधणारा. त्यानं खर्चाचा अंदाज दिला त्याच्या कितीतरी पुढं खर्च गेला, सगळे म्हणाले आता याची खैर नाही. पोपनं बोलावून घेतलं आणि सांगितलं, तू खोटा आकडा सांगितलास ते बरं केलंस, खरा सांगितला असतास तर आम्ही हे बांधलंच नसतं. आणि बक्षीस दिलं त्याला. पोपनं स्वतःच लिहून ठेवलंय हे. चर्चची मागची बाजू मात्र कड्यावर आहे, ती तेव्हापासून आजतागायत खचते आहे.

सगळे हसले. मला हसू आलं नाही. बाळ्या, आता लिहितो.

तू २००४ ला तीन एकर शिराझ, वाईनची द्राक्षं, लावलीस तेव्हा आपलं भांडण झालं. पलूसला वाईन पार्क येतोय, करार होतोय, एकदा लावलं की बाजारात हात पसरायला नको, तू गाळपाच्या पावतीच्या मागं हिशेब मांडून दाखवलास आणि मी म्हटलं तुझा हिशेब म्हणजे पेरूच्या झाडाखाली बसून मांडलेला. तू सहा महिने माझ्या विहिरीवर आला नाहीस. ते विसरलो आपण, पुढं दोनदा एकत्र पंढरपूरला जाऊन आलो. पण २००९ ला कंपनीनं माल उचलला नाही, टन टन द्राक्ष ओढ्यात टाकलंस, आणि कर्ज नवं-जुनं करायला तू माझ्याकडं जामीन मागायला आलास. मी म्हटलं आण्णा नको म्हणतात, माळकरी माणूस, दारूच्या द्राक्षाला सही देणार नाहीत. तू एक शब्द बोलला नाहीस, चहा पिऊन गेलास.

आण्णांना मी विचारलंच नव्हतं.

त्यांच्यापर्यंत मी ते जाऊ दिलं नाही. भीती मला वाटत होती, आणि नाव मी त्यांचं पुढं केलं. पुढच्या वर्षी तू जमीन विकलीस. आण्णा जायच्या आधी एकदा म्हणाले, बाळ्या मला सांगून गेला नाही, माझं काय चुकलं रे? मी गप्प बसलो. ते गेले तेव्हा तू पुण्याहून आलास, खांदा दिलास, आणि त्या दिवशी तरी सांगायला पाहिजे होतं. तुझ्या मनात त्यांच्याबद्दल काही राहिलं असेल तर ते काढून टाक. ते माझ्यावर लाव. ते तुझ्यासाठी सही करायला उठून आले असते, हे मला तेव्हाही माहीत होतं म्हणून तर विचारलं नाही.

मोंतेपुल्चानो म्हणून तिसरं गाव होतं, उभी चढण, ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तिथले लोक ऐंशी किलोचं पिंप ढकलत त्या चढावर शर्यत लावतात. बाकी मला काही आठवत नाही, मी चौकातल्या पायरीवर बसून होतो. येताना गाडीत सगळे झोपले.

तुझ्याकडं काय? नात चालायला लागली का? चिरंजीवांची चाकणची नोकरी टिकली ना, ऐकलं होतं कपात चालली आहे. वहिनींना सांग त्यांनी दिलेलं लोणचं लेकीकडं पोचलं.

छाटणी मी २५ ऑक्टोबरपर्यंत थांबवली आहे, त्याच्या पुढं ढकलता येत नाही हे तुला सांगायला नको. पोराला म्हटलंय तोवर जेसीबीवाल्याला फोन करायचा नाही. तू ये. एकदा ओळीतनं फिर, काड्या बघ, गाठी बघ, कितपत दम आहे ते सांग. काढ म्हणालास तर काढीन, पण तू समोर असताना. आणि जे लिहिलंय त्यावर शिव्या घालायच्या असतील तर त्यापण विहिरीवर येऊन घाल, तिथं कोण ऐकायला नाही.

स्वारगेटवरनं सकाळची गाडी धर, तासगाव स्टँडवर मी असतोच. कात्री आणू नको. तुझी इथंच आहे, दांड्याला गुंडाळलेली सुतळी अजून तशीच आहे.

तुझा,
नाना

ता. क. – हिनं वहिनींसाठी ते अक्रोडाच्या पानातलं चीज आणलंय. फ्रीजमध्ये आहे, पोरं रोज उघडून वास घेतात.