आई-बाबा, जूनअखेर पायी येते

पुणे, २० एप्रिल २०२५

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आमच्यापायी पुणं सोडू नकोस," आणि मी काही बोलायच्या आत फोन आईच्या हातात दिलात. आईनं गुडघ्याच्या तेलाचं विचारलं आणि तो विषय तिथेच राहिला. आपल्या घरात फोनवर मोठं बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसले. आज धावायला सुट्टी आहे, दुपार मोकळी आहे.

पुणं सोडून लोणंदला तुमच्याकडे यायचं हे ठरलंय. रुग्णालयात फिजिओथेरपिस्टच्या नोकरीचा राजीनामा दिलाय, घरमालकांना जूनअखेरचं सांगून ठेवलंय. पण त्याआधी ८ जूनला दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही धावण्याची शर्यत आहे. तिच्याबद्दलही तुम्हा दोघांना नीट कधी सांगितलं नव्हतं. आईला अजून वाटतं की मी "मॅरेथॉन"ला चाललेय. आई, मॅरेथॉन ४२ किलोमीटरची. ही त्याच्या दुपटीहून मोठी, यंदा जवळजवळ ९० किलोमीटर. बाबांना विचार, ते सांगतील: लोणंदहून निघायचं, नीरा, वाल्हे, जेजुरी, सासवड, दिवे घाट करत स्वारगेटला पोचायचं, आणि तरी थोडं अंतर उरतं. तेवढं, एका दिवसात, बारा तासांच्या आत. बारा तास झाले की एक अधिकारी येणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक उडवतो आणि शर्यत बंद होते. त्यानंतर एक पाऊल उशीर झाला तरी पदक नाही. त्याची पाठ असते ती यासाठी की कोण राहिलं हे त्याला दिसू नये. मला ते कठोर वाटत नाही. सगळ्यांना एकच नियम आहे.

ही शर्यत विक क्लॅपम नावाच्या माणसानं सुरू केली. पहिल्या महायुद्धात तो पूर्व आफ्रिकेत सैनिक होता, तिथल्या उन्हातान्हात हजारो किलोमीटर चाललेला. जे सोबती परत आले नाहीत त्यांची आठवण म्हणून काहीतरी अवघड करावं, असं त्याच्या मनात होतं. २४ मे १९२१ला पीटरमॅरिट्झबर्गहून ३४ जण निघाले आणि १६ जण डर्बनला पोचले. आता वीस हजारांवर लोक धावतात. एका वर्षी डर्बनहून वर चढायचं, एका वर्षी वरून खाली, असा साधारण रिवाज आहे. यंदा उताराची पाळी आहे.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड नावाची एक बाई नाव नोंदवायला गेली, तर तिला नाही म्हणून सांगितलं, कारण ती बाई. ती तरीही धावली. साडेअकरा तासांत डर्बनला पोचली. पदक मिळालं नाहीच, पण रस्त्यावरच्या लोकांनी वर्गणी काढून तिला चांदीचा चहाचा सेट दिला. बायकांना आणि काळ्या धावपटूंना अधिकृतपणे धावायला मिळालं ते थेट १९७५ साली. तू मला सातवीत असताना वडाच्या झाडापर्यंत मुलांबरोबर पळू दिलं होतंस, आणि आजीला सांगितलं होतंस की पळू दे तिला. हेवर्डबाईंचं वाचलं तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं.

आणि बाबा, तुमच्यासाठी हे. शर्यत जिथून सुटते त्या पीटरमॅरिट्झबर्गच्याच स्टेशनवर ७ जून १८९३च्या रात्री गांधीजींना गाडीतून उतरवलं होतं. पहिल्या वर्गाचं तिकीट हातात असताना. मी बरोबर ७ जूनलाच त्या गावात मुक्कामाला असेन. दुपारी त्या फलाटावर जाऊन यायचं ठरवलंय. तीसेक वर्षं फलटण डेपोच्या गाडीत उभं राहून तुम्ही तिकिटं फाडलीत. तिकीट असलेल्या माणसाला, मग तो कुणीही असो, त्याच्या जागेवरून उठवायचं नाही, हे तुम्ही पाळलंत, आणि त्यापायी गावातल्या मोठ्या लोकांची बोलणीही खाल्लीत. त्या फलाटावर मी तुमची मुलगी म्हणून उभी राहणार आहे.

आता तयारीचं. तुम्हाला वाटतं की मी नुसती पळत असते. महिन्यातून एखाददुसऱ्या शनिवारी पहाटे तीनला डेक्कनवरून निघते, विठ्ठलवाडी, वडगाव, धायरी फाटा, खडकवासला, डोणजे करत सिंहगडाच्या पायथ्याला. मग घाट चढून गडावर, आणि त्याच वाटेनं परत. साठेक किलोमीटर होतात. एवढं का, तर उतार. लोकांना वाटतं चढ अवघड. चढात दम लागतो हे खरं, पण पाय खलास होतात ते उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला अंगाचा भार धरूनही ठेवावा लागतो. त्यात त्याचे बारीक धागे तुटतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो तो त्यामुळे. पण शरीराची मोठी कमाल अशी की एकदा असा दुखावलेला स्नायू भरून आला की पुढचे काही आठवडे तोच उतार त्याला तितका बाधत नाही. म्हणून मी सिंहगडाचा घाट मुद्दाम पळत उतरते, आणि मे महिना संपेपर्यंत उतरत राहीन. यंदाची शर्यत उताराची म्हणतात, पण अधेमधे इंचांगा, बोथाज हिल असे चढ आहेतच, आणि खरा लांब उतार लागतो तो पाय थकल्यावर, डर्बन जवळ आल्यावर.

रुग्णालयात पेशंटना हे शिकवत आले होते. आता स्वतःच्या पायांवर रोज पाहतेय. याचा उपयोग लोणंदला होणार आहे, ते पुढे सांगते.

पाण्याचं तुझं म्हणणं, आई, "पीत राहा, पीत राहा." एवढं एक मी ऐकणार नाही. दहा-बारा तास धावताना गरजेपेक्षा जास्त पाणी पोटात गेलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, माणूस बेशुद्ध पडतो, जिवावरही बेततं. टिम नोक्स नावाच्या तिथल्याच डॉक्टरांनी हे जगापुढे आणलं, आणि ते स्वतः कॉम्रेड्स धावलेले आहेत. तहान लागेल तेव्हा प्यायचं, हा नियम. आणि धावताना दुखण्यावरची गोळी अजिबात घ्यायची नाही, मूत्रपिंडांवर ताण येतो. खाण्याचं मात्र तुझं ऐकलंय. तुझ्या दशम्या मी एप्रिलभर प्रत्येक लांब पळण्यात खाऊन पाहिल्या. चाळीस किलोमीटरनंतर गोड जेल घशाखाली उतरत नाही, दशमी उतरते. तिथे वाटेत उकडलेले मीठ लावलेले बटाटे देतात म्हणे, पण मी तुझ्या दशम्या घेऊन जाणार. जूनच्या पहिल्या आठवड्यात करून पाठव, गुळाच्या.

खर्चाचं विचारू नका. दोन वर्षं त्यासाठी बाजूला टाकत होते.

बाबा, आता तुमच्या वाक्याकडे येते. "आमच्यापायी."

पुणं सोडताना मला त्रास होतोय, आणि तो तुमच्यापासून लपवायचा नाही असं मी ठरवलंय. गेले काही महिने मी हे शहर रोज पहाटे बघतेय. तीन-साडेतीनला अलका चौकात पेपरचे गठ्ठे सुटत असतात. बाजीराव रस्त्यावर झाडणाऱ्या बायका असतात, त्यातल्या दोघी मला नावानं हाक मारतात. मार्केट यार्डाकडे फुलांचे टेम्पो जातात आणि ते गेल्यावर काही क्षण रस्त्याला झेंडूचा वास राहतो. छोट्या पळण्याला मी वेताळ टेकडीवर जाते. खाणीच्या कडेनं ऊन येईपर्यंत मोर ओरडत असतात, आणि समोर अख्खं कोथरूड झोपलेलं. या टेकडीखालून बोगदा आणि बाजूनं रस्ता नेण्याचं घाटतंय, त्याविरुद्ध लोक मोर्चात चाललेत, मीही चालले. मी नसेन तेव्हाही ती टेकडी राहावी एवढी माझी या शहराकडून मागणी आहे. अठराव्या वर्षी ट्रंक घेऊन स्वारगेटला उतरले होते. काम, मैत्रिणी, स्वतःच्या पैशानं घेतलेली पहिली सायकल, एकटीनं सिनेमाला जायचं धाडस, हे सगळं मला इथे मिळालं. लोणंदला परत आल्यावर यातलं बरंच मिळणार नाही, हे मला माहीत आहे. एकटी बाई पहाटे तीनला पळताना दिसली तर गावात चर्चा होईल, हेही माहीत आहे. होऊ दे. मी पळणारच आहे, आणि तुम्ही दोघांनी त्याची सवय करून घ्यायची आहे.

तरी येतेय. तुमच्यासाठी येतेय का? हो. बाबांचा गुडघा आणि आईची साखर हे मी दर रविवारी फोनवर ऐकते. रात्री एक वाजता आईला घाम फुटला तेव्हा तुम्ही शेजारच्यांना उठवलंत आणि मला सकाळी कळवलंत. ते मला चालणार नाही. दादा नाशिकला आहे, त्याची मुलं लहान आहेत, त्याला येणं जमणार नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. पण हे फक्त त्यागाचं गणित आहे असं तुम्ही मनात धरलंत तर माझ्यावर अन्याय होईल. आबांना अर्धांग झाला तेव्हा व्यायामासाठी आपण त्यांना साताऱ्याला नेत होतो, आठवतंय? जीपचं भाडं, आईचा उपास, आणि आबा रडायचे की मला नका नेऊ. शेवटी आपण नेणं थांबवलं आणि त्यांचा हात तसाच आखडून राहिला. फिजिओथेरपी शिकायचं माझ्या डोक्यात तिथून आलं. इतकी वर्षं मी ते पुण्यातल्या लोकांसाठी केलं. आता एमआयडीसीतल्या कामगारांच्या पाठी, कांद्याच्या बाजारातल्या हमालांचे खांदे, आबांसारखे म्हातारे, यांच्यासाठी करायचं आहे. हे माझं स्वतःचं काम आहे. ते तुमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे, याचा मला आनंद आहे, आणि त्या आनंदात तुमचा वाटा आहे. तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी, अशा दोन वेगळ्या पिशव्या करायची गरज मला वाटत नाही.

तर पुढचं असं ठरवलंय. कॉम्रेड्सहून १२ जूनच्या आत परत. मग सामान टेम्पोनं पाठवेन. दरवर्षीप्रमाणे माउलींची पालखी भवानी पेठेत मुक्कामाला असेल तेव्हा मी वारकऱ्यांचे पाय चोळायला तिथे असेनच. आजवर त्यांचे पाय चोळून त्यांना निरोप दिला आणि मागे राहिले. यंदा मागे राहायचं नाही. पालखीबरोबर पुण्याहून निघायचं, दिवे घाट चढून सासवड, मग जेजुरी, वाल्हे, नीरेवर माउलींच्या पादुकांचं स्नान बघून लोणंद. पुणे-सासवड हा वारीतला सर्वांत लांबचा टप्पा, वर घाट, आणि सत्तरी ओलांडलेल्या बायका तो डोक्यावर गाठोडं घेऊन, साध्या चपलांत चालतात. लांब अंतराचं जे काही मला समजलंय त्यातलं अर्धं त्यांच्याकडून आलंय: लवकर निघायचं, थोडं थोडं खायचं, सुरुवातीला घाई करायची नाही, आणि पाय दुखले तर शेजारणीला सांगायचं. शर्यतीनंतर दोन आठवडे झालेले असतील, पाय भरून आलेले असतील. चालायला काहीच हरकत नाही, मी बघून घेते.

८ जूनचं वेळापत्रक लिहून ठेवा. तिथल्या पहाटे, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेआठच्या सुमारास, शर्यत सुटेल, आणि रात्री साडेआठच्या सुमारास बारा तास भरतील. मधे मी फोन करणार नाही. दादाच्या मोबाईलवर मी कुठे पोचले ते दिसत राहील, तो तुम्हाला कळवेल. बाबा, त्या दिवशी उपाशी बसू नका, आणि आईला बसू देऊ नका. तिची साखर उतरेल.

पालखी लोणंदला येते त्या दिवशी आई नेहमीप्रमाणे दिंडीसाठी भाकरी करणारच. यंदा पीठ जास्त भिजव, माझ्याबरोबर भवानी पेठेतल्या चार मावशी असतील, त्या आपल्या पडवीत राहतील. माडीवरच्या खोलीतली बियाण्याची पोती काकांना सांगून हलवून घ्या. बाबा, तुम्ही स्वतः उचलायची नाहीत. आणि रस्त्याकडेच्या खोलीची खिडकी मोठी करायला गवंड्याला विचारून ठेवा, तिथे पेशंट झोपवायला दोन खाटा आणि भिंतीला कठडा लागेल. मापं पुढच्या पत्रात पाठवते.

तुमची,
धाकटी