कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनोच्या रानात असलेल्या सईस

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला अभ्यास वाचला. इंग्रजी जड गेलं, पण मोटारसायकलींचा भाग आला तसा सरसावून बसलो. जन्म गॅरेजात गेला माझा. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मंडळींनी तुझ्याच रानात स्पॉटेड आऊल या ठिपकेवाल्या घुबडांजवळ मुद्दाम गाड्या फिरवल्या, मग त्या घुबडांची विष्ठा गोळा करून ताणाचं संप्रेरक मोजलं. 2011 साली ते छापून आलं. मे महिन्यात नराला सर्वांत जास्त त्रास, कारण तेव्हा मादीचं आणि पिल्लांचं पोट त्याच्या एकट्याच्या शिकारीवर. गोंगाटाच्या रस्त्यालगतच्या घरट्यांतून पिल्लंही कमी बाहेर पडली. पक्षी फांदीवर गप्प बसलेला दिसला की त्याला काही झालं नाही, असंच आपण धरून चालतो ना! विष्ठेतून त्याचं दुखणं वाचायचं, हे काम मला फार मोलाचं वाटतं.

तू फोनवर सांगितलंस, नराला जिवंत उंदीर द्यायचा आणि तो मादीकडे घेऊन निघाला की मागे पळायचं, म्हणजे घरटं सापडतं. नजर वर झाडात असते तुझी, म्हणून सांगतो: चढ-उतारावर पाय जपून टाक. एकटी जाऊ नकोस.

दुसरं, तिथल्या गाडीवाल्यांना शत्रू समजू नकोस. आठवडाभर राबून रविवारी मातीत गाडी घालणारी पोरं मी खूप पाहिली आहेत. नीट सांगितलं तर ऐकतात. सायलेन्सर पोकळ करून फिरणाऱ्याला मात्र स्पष्ट सांग. चांगल्या सायलेन्सरने गाडीची मजा तसूभरही कमी होत नाही, हे माझ्या नावाने सांग.

आणि आकडा मनासारखा आला नाही तरी जसाच्या तसा लिही. 1990 पासून या घुबडाला कायद्याचं संरक्षण आहे, तरी जुनी मोठी झाडं तुटली, वर बार्ड आऊल या दुसऱ्या जातीच्या घुबडाने त्याच्या जागा बळकावल्या. सगळं खापर गाड्यांवर फोडलं तर पोरांवर अन्याय होईल आणि घुबडाचंही भलं होणार नाही.

एक विचारायचं राहिलं. नराची आणि मादीची विष्ठा वेगळी कशी ओळखता? आणि मेपुरत्या घरट्यांजवळच्या वाटा बंद ठेवता येतील का? सवडीने कळव. आईने मेतकूट पाठवलंय.

तुझे,
बाबा