प्लासिड चाचणीतल्या ४६४ जणांना पत्र

सप्रेम नमस्कार.

तुमची नावं मला माहीत नाहीत. ती कुठे छापलेली नाहीत आणि छापायचीही नसतात. एवढंच ठाऊक आहे की २२ एप्रिल ते १४ जुलै २०२० या काळात तुम्ही देशातल्या ३९ रुग्णालयांत कोविडच्या वॉर्डात होता. श्वास अपुरा पडत होता, घरचं माणूस जवळ नव्हतं, आणि नखशिखान्त झाकलेल्या एका डॉक्टरने तुमच्यापुढे संमतिपत्र धरलं. तुम्ही होकार दिलात. त्या होकारासाठी मी हे पत्र बडोद्याहून, दांडिया बाजारातल्या आमच्या घरातून लिहिते आहे. पत्ता नाही म्हणून उघडपणे लिहिते आहे.

तुम्ही कशाला हो म्हणालात, हे इतरांनाही कळायला हवं. कोविडमधून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पातळ द्रवभाग, आजारी माणसाला दिला तर तो वाचतो का, हे आयसीएमआरला, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला, प्लासिड नावाच्या या चाचणीतून तपासायचं होतं. तुमच्यापैकी २३५ जणांना नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा मिळाला, दोनशे मिलिलिटरची एक पिशवी आणि चोवीस तासांनी दुसरी. उरलेल्या २२९ जणांना फक्त नेहमीचे उपचार. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नव्हते, तुम्हीही नाही. ते संगणकाने, चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. दिखाव्याची पिशवी कुणालाच लावलेली नव्हती. म्हणजे ज्याला प्लाझ्मा मिळाला नाही त्याला तो मिळालेला नाही हे पक्कं माहीत होतं.

तुम्हा २२९ जणांचा विचार माझ्या मनातून जात नाही. तो काळ आठवा. प्लाझ्मा म्हणजे संजीवनी, असं घरोघरी बोललं जात होतं. तुमची चाचणी चालू असतानाच, जुलैत, दिल्लीत देशातली पहिली प्लाझ्मा बँक उघडली. ती आशा खुळी नव्हती. घटसर्पावर असाच रक्तातून काढलेला सीरम चालतो हे दाखवल्याबद्दल एमिल फॉन बेहरिंग यांना १९०१ साली नोबेल मिळालं होतं, आणि १९१८ च्या फ्लूच्या साथीतही बऱ्या झालेल्यांचं रक्त वापरून पाहिलं गेलं होतं. अशा वेळी ‘मला मिळालं नाही तरी चालेल, पण काय ते एकदा कळू दे’ असं म्हणायला किती धीर लागला असेल!

तुमच्या त्या धीराचा आम्हाला काय उपयोग झाला ते सांगते.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. बडोद्यात खाट मिळणं मुश्कील झालं होतं. बाबांचा ऑक्सिजन ८८ वर आला तेव्हा कुठे एका खासगी रुग्णालयात जागा मिळाली. फोनवर एकामागून एक निरोप यायचे, ‘अर्जंट, बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा’, ‘डोनर असेल तर कळवा’. आपल्या माणसासाठी आपणही काहीतरी करायला हवं, या एका भावनेने माणसं रात्री-बेरात्री रक्तपेढ्यांबाहेर उभी होती. माझा धाकटा भाऊही निघाला होता. तेव्हा वॉर्डातल्या डॉक्टरबेनचा फोन आला. तरुण मुलगी, आवाज थकलेला, गुजराती-हिंदी मिसळून बोलत होती. म्हणाली, “प्लाझ्मासाठी कुणाला धावायला लावू नका. आपल्याच देशात त्याची चाचणी झालीय, जीव वाचण्यात फरक पडला नाही. तुम्ही फक्त त्यांच्या शुगरचे जुने रिपोर्ट मला पाठवा.”

‘आपल्याच देशात चाचणी झालीय’, म्हणजे तुमच्यावर झालीय. तुम्ही सही केली नसती तर त्या मुलीकडे सांगण्यासारखं काय होतं? तिनेही इतरांसारखा प्लाझ्मा लिहून दिला असता, आणि माझा भाऊ संसर्ग ऐन भरात असताना गर्दीत उभा राहिला असता.

निकाल तुम्हाला कुणी कळवला का? बहुधा नसेल. चाचणीत भाग घेणाऱ्यांना शेवटी काय निघालं ते सांगायची पद्धत आपल्याकडे अजून रुळलेली नाही, आणि ही गोष्ट मला फार लागते. म्हणून मीच सांगते. तुमचा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. २८ दिवसांत आजार गंभीर झाला किंवा मृत्यू ओढवला, अशांची संख्या प्लाझ्मा मिळालेल्यांत ४४ आणि न मिळालेल्यांत ४१. शेकड्यात सांगायचं तर १९ आणि १८. प्लाझ्मा मिळालेल्यांना सातव्या दिवशी धाप आणि थकवा थोडा कमी जाणवला, हेही त्यात प्रामाणिकपणे नोंदवलंय. पण जीव वाचवण्याच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच निघाले.

यावर काहींनी शंका काढली, आणि ती रास्त होती. दात्यांच्या प्लाझ्मात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या अँटिबॉडीज, किती आहेत हे देण्याआधी मोजलेलं नव्हतं, कारण तशी खात्रीची तपासणीच तेव्हा हाताशी नव्हती. मग भरपूर प्रतिपिंडं असलेला प्लाझ्मा दिला तर? त्याचं उत्तर ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दिलं. तिथे तुमच्यासारखेच ११,५५८ जण पुढे आले आणि दोन्ही गटांत मृत्यूंचं प्रमाण २४ टक्केच निघालं. तुमच्या रक्ताच्या तपासणीत एक कारण आधीच दिसलं होतं. प्लाझ्मा देण्यापूर्वीच तुमच्यापैकी बहुतेकांच्या शरीराने स्वतःची प्रतिपिंडं तयार केली होती. बाहेरून आणखी ओतून फारसं काही बदलणार नव्हतं. १७ मे २०२१ रोजी प्लाझ्मा सरकारी उपचारसूचीतून वगळला गेला. तुमचं उत्तर त्याच्या सात महिने आधी आलेलं होतं. मधल्या काळात लोक पळतच राहिले, याचं मला आजही वाईट वाटतं.

बाबांना ज्याने तारलं ते डेक्सामिथासोन, साधं, जुनं, स्वस्त स्टेरॉइड. तेही अशाच अनोळखी माणसांच्या सहीमुळे कळलं. रिकव्हरी चाचणीत २,१०४ जणांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सा मिळालं, ४,३२१ जणांना नाही. १६ जून २०२० रोजी निकाल जाहीर झाला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्या रुग्णांत सुमारे एक पंचमांशाने. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काही फायदा नाही, झालं तर नुकसानच. हे शेवटचं वाक्य आमच्या घराला फार मोलाचं ठरलं. बाबा घरी होते, ऑक्सिजन ९६-९७ होता, तेव्हा शेजारचे एक काका कुणाचं तरी प्रिस्क्रिप्शन घेऊन आले होते, ‘लगेच स्टेरॉइड सुरू करा’ म्हणून. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी साफ नकार दिला. पहिल्या दिवसांत शरीर विषाणूशी लढत असतं, तेव्हा त्याचे हात बांधायचे नाहीत. पुढे तीच प्रतिकारशक्ती अनावर होऊन फुप्फुसांवर उलटली, की मग स्टेरॉइड.

ऑक्सिजन उतरला तेव्हा डेक्सा सुरू झालं, आणि शुगर भराभर चढली. दिवसातून कितीदा तरी सुई टोचून रक्त तपासायचे. बाबा भजनाला पेटीवर साथ करतात. घरी आले तेव्हा त्यांच्या बोटांच्या टोकांवर काळपट ठिपक्यांची दाटी होती आणि पट्टीवर बोट दाबलं की कळ यायची. डॉक्टरबेन शुगरच्या मागे का लागली होती ते आम्हाला मे महिन्यात उमगलं. स्टेरॉइड आणि बेताबाहेरची शुगर यांच्या जोडीने म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, हा आजार गुजरातभर पसरला होता.

आता तुमच्यातल्या ६५ जणांबद्दल. चाचणीच्या त्या २८ दिवसांत प्लाझ्मा गटातले ३४ आणि दुसऱ्या गटातले ३१ जण गेले. हे पत्र त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. त्यांच्या घरच्यांना मला एवढंच सांगायचंय, विशेषतः त्या ३१ घरांना: ‘प्लाझ्मा मिळाला असता तर वाचले असते’ हा काटा मनात असेल, तर तो काढून टाका. हे मी समजूत घालायला म्हणत नाही. तुमच्या माणसाने इतर ४६३ जणांसोबत मिळून शोधून काढलेलं हे उत्तर आहे.

प्लाझ्मा देणाऱ्यांचेही आभार. २०२० च्या त्या भीतीत, नुकतंच बरं होऊन, पुन्हा रुग्णालयाची पायरी चढणं सोपं नव्हतं. उत्तर ‘नाही’ आलं म्हणून त्यांचं दान वाया गेलं असं मी मुळीच मानत नाही.

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्या ओळखीत, नात्यात, २०२० च्या उन्हाळ्यात प्लाझ्माच्या चाचणीत होतं असं कुणी असेल, तर त्यांना निकालाचा परिच्छेद वाचून दाखवा. आणि सांगा की बडोद्यातले एक पेटीवाले आजोबा त्यांची आठवण काढतात. कधी इकडे येणं झालंच तर गुरुवारच्या भजनाला या, असा त्यांचा निरोप आहे.

तुमची ऋणी,
दांडिया बाजार, बडोदे