उंचावरून मीठ

चि. मनूस अनेक आशीर्वाद,

परवा तू रागाने फोन ठेवलास. त्यानंतर मी तीनदा मेसेज लिहिला आणि तीनदा पुसला, म्हणून आता पत्रच लिहायला घेतलं. हाताबद्दल काही विचारायचं नाही, असं ठरवूनच बसले आहे.

चुकलंच माझं. ‘बटाटे तळायला पाठवलं का तुला तिकडे?’ हे मी तरी बोलायला नको होतं. बटाटे मीही तळलेत. 1996 साली वांद्र्याला मॅकडोनाल्ड्स उघडलं, तेव्हा लोक रांगा लावून बर्गर खायला जायचे. मग तशी आणखी दुकानं निघाली. त्यातल्याच एकात मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी संध्याकाळची जायचे. आप्पांना वाटायचं, टायपिंगच्या क्लासला जाते. आजीला मात्र सगळं ठाऊक होतं.

फ्रायरची ती पीं-पीं अजून कानात आहे. बास्केट उचलायची, दोनदा झटकायची, ओतायची आणि हात वर नेऊन मीठ भुरभुरायचं. उंचावरून टाकलं की सगळीकडे सारखं पडतं. घरी भज्यांवर मी अजून तसंच टाकते, तू नक्कल करतेस ना, तेच. ते तिथलं आहे.

तेल 180 अंशांच्या आसपास तापलेलं असतं, मनू. गोठलेले बटाटे बर्फासकट त्यात पडले की तेल उसळतं. बास्केट अर्धीच भरायची, हळू सोडायची, आणि तोंड मागे.

बघ, आलेच मी तिथे.

परवा तू बाही खाली ओढलीस आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजलं. मला गच्चीवरचा नंदूमामा आठवला. चाळीत आमचा टीव्ही शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. गुरुवारी छायागीत लागायच्या आत अँटेना फिरवायला तो वर, मी खिडकीत, आजी टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘मुंग्या आहेत!’ ‘आता?’ ‘आलं, आलं, हलू नकोस!’ मग तो बिचारा अर्धं गाणं होईपर्यंत हात वर करून उभा. 1987 मध्ये रामायण सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी आमच्या दहा बाय बारात तीस माणसं बसायची. सगळ्यांच्या चपला जिन्यापर्यंत. माईआजी टीव्हीला हार घालायच्या, आणि ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी आली तरी कोणी उठायचं नाही. बसून राहायचं, चित्र येईलच. परवा मीही तशीच फोन धरून बसले होते. चित्र आलं, तेव्हा बाही मनगटापर्यंत आली होती.

माझ्या डाव्या मनगटावरचा डाग तू लहानपणी बोटाने चाचपायचीस. कुकरचा आहे, असं मी सांगायचे. तो कुकरचा नाही. दुकान बंद करताना तेल गाळत होते, फरशी ओली होती, पाय सटकला. मॅनेजरने टूथपेस्ट लावून दिली आणि उरलेली शिफ्ट पुरी करायला लावली. टूथपेस्ट लावायची नसते, बर्फही नाही. घड्याळ, बांगडी लगेच काढायची आणि नळाचं गार पाणी वीस मिनिटं, घड्याळ लावून वीस. फोड आला तर फोडायचा नाही. बूट न घसरणारे घे, पैसे मी पाठवते. आणि कॅनडात तुम्हा विद्यार्थ्यांना कामाचे आठवड्याला 24 तास म्हणजे 24च. कोणी ‘आज जरा जास्त थांब’ म्हटलं तरी नाही म्हणायचं, तुझा व्हिसा आहे तो.

माफ कर. भाषण द्यायचं नव्हतं.

आजीने मला कधी हाताबद्दल विचारलं नाही. तेव्हा मुंबई दूरदर्शनवर ‘दामिनी’ लागायची, प्रतीक्षा लोणकरची. शिफ्टमुळे माझी रोज बुडायची. रात्री अकराला मी घरी आले की आजी वरण गरम करता करता पूर्ण भाग सांगायची, आवाज बदलून, सगळ्यांची कामं करून. मधलं एखादं विसरली की स्वतःच रचायची. मी जेवेपर्यंत तिचा भाग संपायचा नाही. मग हळूच हात बघायची, खोबरेल लावायची आणि दिवा मालवायची. पुढे माझ्या पगारातून हप्त्यांवर कलर टीव्ही घेतला. पहिल्या दिवशी ती ओरडली, ‘अगं, तिची साडी हिरवी आहे होय!’ आप्पांना माझ्या नोकरीचं तेव्हा कळलं. काही बोलले नाहीत, टीव्हीवर टाकायला क्रोशाचं कव्हर घेऊन आले.

तू रेजिस्टरवर उभी राहतेस, पुढच्या सेमिस्टरची फी स्वतः भरणार म्हणतेस, हे मी खालच्या मजल्यावरच्या काकूंना दोनदा सांगितलं. तुला एकदाही नाही.

तुझं रात्री एकला दुकान बंद होतं, तेव्हा इथे सकाळचे साडेअकरा. माझी कणीक तेव्हाच मळायची असते. बसमध्ये बसलीस की नुसता एक ठिपका पाठव, शब्द नको. कणकेच्या हाताने फोन बघता येतो मला. आणि रविवारी बोलशील तेव्हा जमलं तर बाही वर कर. मी काही विचारणार नाही, तू आजीसारखं काहीतरी सांगत राहा.

तुझी,
आई