हाडांचे खोरे आणि तारखांची घाई

महोदय,

इस्रायलच्या बातम्या वाढल्या की आमच्या ख्रिस्ती मंडळीत बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याचा 37वा अध्याय निघतोच: वाळलेल्या हाडांच्या खोऱ्यात जीव येतो, तो दृष्टांत. वडिलांच्या पवित्र शास्त्रात तिथे समासात शिसपेन्सिलीने '14 मे 1948' (इस्रायल राष्ट्राची स्थापना) लिहिलंय. एका दिवसात राष्ट्र जन्मेल काय, हा यशया संदेष्ट्याचा (66:8) प्रश्नही अधोरेखित. आपल्या अलिबागकडचे शनिवार तेली, म्हणजे बेने इस्रायल ज्यू, पुढे घरंदारं सोडून तिकडे गेले, हा तर वडिलांच्या लेखी भाकीत खरं ठरल्याचा डोळ्यांदेखतचा पुरावा! मला मात्र तो अध्याय आधी बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात आशा सोडलेल्या यहुद्यांना दिलेला धीर वाटतो. यावरून आमचे वाद होत, पण जेवण एकत्रच.

खटकते ती तारखा काढण्याची घाई. अमेरिकेत विल्यम मिलर या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या आगमनासाठी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला. काहींनी शेतातली पिकंही काढली नाहीत. दिवस उजाडला आणि मावळला. तो दिवस पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, असं येशू स्वतः सांगतो (मत्तय 24:36).

परवा व्हॉट्सॲपवर पुन्हा एक तारीख आली. पाठवणाऱ्याला विचारलं, "मग यंदा कांदा लावायचा की नाही?" अजून उत्तर नाही.

– एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर