कायदा आहे हो, आधी रक्त नीट घ्या

संपादक साहेब, नमस्कार,

पोर्शे प्रकरण निघालं की सगळे एकच बोलतात, कायदा कडक करा. अहो पण आहे तो काय कमी कडक आहे का? आपल्याकडे बियर-वाईनला 21 आणि व्हिस्की-रमला 25 पूर्ण लागतात, गाडीचं लायसन 18 नंतर, आणि 2019 पासून मोटार वाहन कायद्यात 199-अ कलम आहे, अल्पवयीन पोराने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला नाहीतर गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद, वर 25 हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द आणि पोराला 25 व्या वर्षापर्यंत लायसन नाही. वाचायला एकदम झकास!

आता 19 मे 2024 ची कल्याणीनगरची रात्र घ्या. 17 वर्षांच्या पोराला पबमध्ये दारू दिली असं पोलीसच म्हणतात, त्याच्या पोर्शे गाडीला नंबरप्लेट नाही, तिच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर जीवानिशी गेले. लोकांच्या लक्षात राहिला तो बाल न्याय बोर्डाने जामिनाची अट म्हणून लिहायला सांगितलेला 300 शब्दांचा निबंध, मीम्स पण भरपूर झाले. मला राग आहे तो रक्ताचा. त्याच कायद्याच्या 185 कलमात 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमच्या वर दारू सापडली तर केस बनते, म्हणजे सगळा खेळ त्या एका बाटलीवर, आणि ससून या सरकारी दवाखान्यात ती बाटलीच बदलल्याचा आरोप, डॉक्टरांना अटक झाली, पोराच्या आईवडिलांना पण झाली. हे उघड कसं झालं, तर औंधच्या सरकारी दवाखान्यात दुसरं सँपल घेतलं होतं आणि दोन्ही सँपलचा डीएनए जुळला नाही. ते घेतलं नसतं तर?

2025 च्या जुलैमध्ये बोर्डाने मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवायला नकार दिला तेव्हा बोर्डाला खूप शिव्या पडल्या, मला त्या पटल्या नाहीत. प्रौढ म्हणून खटला 'घोर' गुन्ह्यातच चालतो, आणि किमान 7 वर्षं शिक्षा असलेला गुन्हाच 'घोर' धरायचा असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्येच सांगितलंय, ती केस पण दिल्लीतल्या अल्पवयीन ड्रायव्हरचीच होती.

म्हणून माझी मागणी साधी आहे, अपघातात कुणी गेलं की जागेवरच ब्रेथ अॅनालायझर लावा, रक्त लगेच घ्या कारण दारू तासातासाने उतरते, आणि दोन सँपल दोन वेगळ्या दवाखान्यांत, कॅमेऱ्यासमोर सील करून. कुणाला शंका आली तरच नाही, दर वेळी, मग गाडी करोडची असो की सेकंडहँड अॅक्टिव्हा. पोलीस आयुक्तांनी एवढंच सांगावं, असा लेखी आदेश निघालाय का?

- एक वाचक, पुणे